सलूआत्याच्या दोन बरण्या

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा वाटांना नावं नव्हती, माणसं झाडांच्या खुणेनं गावं ओळखायची. त्या काळी डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्याची खूण होती देवळामागचं डाळिंब. गाव ख्रिस्ताला मानणारं. देऊळ लहानसं, दगडी. वर एक घंटा आणि आत प्रभूचं मेज. त्या मेजावर भाकर आणि द्राक्षाचा रस मांडायचा, पाळकबाबांनी प्रार्थना करायची, आणि साऱ्या मंडळीनं गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घोट घोट घ्यायचा, अशी तिथली रीत.

आता मुलांनो, मेज काही आपोआप मांडलं जात नाही. घरात पानं कोणीतरी घेतं तेव्हा आपण जेवायला बसतो ना? तसंच ते. त्या देवळात पानं घ्यायचं काम सलूआत्याचं.

सलोमी तिचं नाव. लग्न होऊन गेली आणि कपाळ फुटलं म्हणून माहेरी परत आली, ती गावाची आत्या झाली. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. आल्या दिवसापासून तिनं देवळाची सेवा धरली. मागितलं कोणी नव्हतं, दिलं कोणी काही नव्हतं. मेजावरचं पांढरं कापड ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, तांदळाच्या पेजेची खळ द्यायची, निखाऱ्यांच्या इस्त्रीनं असं कडक करायची की माशी बसली तर घसरावी. त्या कापडाची घडीही वेगळी. चारी बाजू आतल्या आत मिटायच्या, म्हणजे भाकरीचा कण कापडात पडला तर कापडातच राहावा, भुईवर सांडू नये. आणि धुतल्यावरचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते डाळिंबाच्या मुळाशी. प्रभूच्या मेजाचं पाणी खरकट्यात कसं जाऊ द्यायचं? म्हणून तर ते झाड एवढं फोफावलं होतं.

मेजामागे पडदा, पडद्यामागे एक खोली. त्या खोलीत सगळं सामान आणि त्या खोलीची किल्ली आत्याच्या कमरेला. तिच्याकडे आल्यापासून ती किल्ली कोणी कधी दुसऱ्याच्या हातात पाहिली नव्हती.

खोलीतल्या फळीवर दोन बरण्या असायच्या. एका कुंभाराच्या, एकाच भट्टीतल्या, जुळ्या बहिणींसारख्या. उजवीकडच्या बरणीत मनुकांचा रस. त्या मुलखात द्राक्षं कुठली ताजी! आत्या मनुका भिजवायची, शिजवायची, कुस्करून गाळायची. तोच प्याल्यात जायचा. डावीकडच्या बरणीत चिंच-मिठाचं पाणी. प्याला पितळेचा, मेणबत्त्यांची झाडं पितळेची, ती त्या पाण्यानं घासायची की सोन्यासारखी लखलखायची. रंग म्हणाल तर दोन्ही पाण्यांचा एकच, गढूळ तपकिरी. पण आत्याला काय त्याचं! तिचा हात उजवी-डावी चुकणारा नव्हता.

गावात एक नवी सून आली होती, दीना नावाची. हाताची चपळ, तोंडाची गोड. ती दर शनिवारी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची.

“आत्याबाई, मी काही करू का?”

“कर की. घरी जाऊन भाकऱ्या कर.”

“तसं नाही. इथलं काही. कापड धुऊ?”

“अगं बाई, सासरच्या पोळ्या अजून गोल येत नाहीत तुझ्या, आणि देवाचं कापड धुतेस? जा, जा. मी आहे ना.”

‘मी आहे ना’ हा आत्याचा पालुपदाचा शब्द. फुलं मांडू? मी आहे ना. वाती वळू? मी आहे ना. शिमोन सुतार, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो एकदा म्हणालासुद्धा, “आत्या, प्रभूनं पाचोळ्यासारखी माणसं गोळा करून शिष्य केले. तू असतीस तर त्यांनाही म्हणाली असतीस, जा, मी आहे ना!” सगळे हसले. आत्यानं पदर झटकला आणि आत गेली.

दिवस कोणासाठी थांबतात? आत्याचे केस कापसासारखे झाले. मग डोळ्यांवर सारा, पांढुरका पडदा, आला. आधी धुकं वाटलं, मग धुकं उठेचना. आणि हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना. मेणबत्ती झाडावर बसवताना ती कशी बसली ते कळेना.

कोणाला सांगेल तर ती आत्या कसली! सांगितलं तर काय होईल हे तिनं मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. म्हणतील, आत्या, पुष्कळ केलंत, आता बसा. किल्ली मागतील. मग शनिवारी कुठे जायचं? घरात नवरा नाही, लेकरू नाही. चूल एक, ताट एक. या खोलीत तेवढं तिला वाटायचं की आपण कोणाची तरी आहोत. किल्ली गेली की आपण उरलो काय? वाळकं पान.

म्हणून ती लपवू लागली. चाचपडत चालायची, पण कोणी पाहतंय असं वाटलं की ताठ. हात थरथरले की पदरात धरायची. दीना दाराशी आली की आवाज चढवायची, कारण आवाज अजून थरथरत नव्हता.

असा पुनरुत्थानाचा सण आला. वर्षाचा मोठा दिवस. प्रभू मेलेल्यांतून उठला त्याचा आनंद. बाहेरगावी गेलेलीसुद्धा माणसं त्या दिवशी परत येत. आदल्या दिवशी आत्या खोलीत एकटीच बसून प्याला घासत होती. मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या पाट्याच्या पाट्या लोकांनी दाराशी आणून दिलेल्या. वास असा की डोकं भणभणावं. भुईवर दोन्ही बरण्या. एकीतलं पाणी घासायला काढलेलं, दुसरीतला रस गाळून आत्ताच भरलेला.

तेवढ्यात हात थरथरला आणि चिंचेची बरणी कलंडली. थोडं पाणी भुईवर सांडलं. आणि त्याच क्षणी दाराशी पावलं.

“आत्याबाई, काही सांडलं का? येऊ का पुसायला?”

“काही नाही सांडलं! बाहेर थांब!”

आत्यानं घाईघाईनं बरणी उभी केली, पदरानंच भुई पुसली, दोन्ही बरण्यांवर फडकी बांधली आणि चाचपडत फळीवर सारल्या. आधी कोणती सारली, कुठल्या बाजूला सारली, ते तिचं तिलाच समजलं नाही. वासानं ओळखावं तर खोलीभर मोगरा. चाखून पाहावं हे सुचलंच नाही, कारण इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती. उजवीकडची ती रसाची. संपलं.

दीना बाहेर थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. आत्या पुटपुटली, “नसत्या चौकशा!”

सकाळ झाली. घंटा वाजली. देऊळ माणसांनी फुलून गेलं. आत्यानं उजवीकडची बरणी उतरवली, झारीत ओतली, झारी मेजावर ठेवली आणि पडद्याच्या कडेला आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. गाणी झाली. पाळकबाबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, झारीतलं प्याल्यात ओतलं. रीतीप्रमाणे पहिला घोट त्यांचा.

त्यांनी प्याला ओठांना लावला आणि थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले. त्यांची दाढी हलली. आत्याला तेवढं दिसलं नाही; तिला दिसलं ते एवढंच, की बाबा वळून तिच्या दिशेला पाहताहेत. तिला वाटलं, सणाची मांडणी आवडली असेल. ती थोडी आणखी ताठ उभी राहिली.

मग बाबांनी मान खाली घातली आणि प्याला घेऊन मंडळीकडे गेले.

माणसं रांगेनं येत होती, गुडघे टेकत होती. आत्या कान देऊन होती, कारण आता तिचे कानच तिचे डोळे होते. आज काहीतरी वेगळं होतं. कोणाचा तरी घसा खाकरला. कोणीतरी नाकानं जोरात श्वास ओढला. तोंडाचं बोळकं झालेली गावातली सर्वांत जुनी म्हातारी मिटक्या मारत उठली. शिमोन सुतार, जो देवळातसुद्धा शेजाऱ्याच्या कानाशी लागल्याशिवाय राहत नाही, त्यानं घोट घेतला, आणि एवढ्या मोठ्यांदा “आमेन!” म्हणाला की छपरातली कबुतरं उडाली. पुढे एक शब्द नाही. दीनाचा घोट घेतल्यावरचा हुंकार तेवढा ऐकू आला, आणि तोही तिनं लगेच गिळला.

शेवटी प्याला आत्याकडे आला. मेज मांडणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी घ्यायचं, ही तिथली रीत. आत्यानं दोन्ही हातांनी प्याला धरला. घोट घेतला.

चिंच. आणि मीठ.

अख्खं गाव भांडी घासायचं पाणी प्यालं होतं. पुनरुत्थानाच्या दिवशी. प्रभूच्या मेजावरून. आणि तिच्या हातानं.

पुढे काय झालं, आशीर्वाद कधी झाला, शेवटचं गाणं कोणतं झालं, आत्याला ठाऊक नाही. ती पडद्यामागे शिरली, दाराला आतून कडी लावली आणि फुलांच्या रिकाम्या पाटीशेजारी मटकन बसली. रडू येईना. रडू यायलासुद्धा माणसाचा काही हक्क लागतो, असं तिला वाटलं.

बाहेर पावलं जमली. दार वाजलं.

“सलूबाई,” पाळकबाबांचा आवाज, “दार उघडा.”

“नाही उघडत. माझं तोंड पाहू नका.”

“आत्याबाई, उघडा ना हो.” ही दीना.

“तू तर मुळीच येऊ नकोस! तू काल विचारलं होतंस, आणि मी…”

मग शिमोनाचा आवाज आला, दाराच्या फटीला तोंड लावून. “आत्या, एक सांगू का? जन्मात तू कधी आम्हांला घरी जेवायला बोलावलं नाहीस. आज तुझ्या हातचं सार मिळालं. झकास होतं. फक्त फोडणी राहिली.”

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग ती बोळकी म्हातारी म्हणाली, “मला तर बाई आवडलं. तोंडाला चव आली. अजून आहे का?” आणि सगळा घोळका खो खो हसायला लागला. पाळकबाबासुद्धा. टोचणी नसलेलं हसू, घरातलंच माणूस चुकल्यावर घरातलीच माणसं हसतात तसं.

आत्या आत बसून ऐकत होती. आणि काय झालं कोण जाणे, तिच्याही पोटातून काहीतरी वर आलं. तिला वाटलं हुंदका. आलं ते हसू. हसता हसता मग हुंदकाही आला, आणि दोन्ही एकत्र वाहू लागली. तिनं कडी काढली.

कमरेची किल्ली सोडून तिनं पाळकबाबांपुढे धरली. हात थरथरत होता; आज तिनं तो पदरात लपवला नाही.

“घ्या बाबा. मला दिसत नाही. किती दिवस झाले, दिसत नाही. हातही ऐकत नाही. मी लपवलं. घ्या किल्ली आणि मला दाराबाहेर बसवा.”

“किल्ली घेतो,” पाळकबाबा म्हणाले. “पण दाराबाहेर कशाला?”

“आणि ‘लपवलं’ म्हणे!” शिमोन म्हणाला. “आत्या, मेणबत्त्या कधीपासून अशा तिरक्या असतात की वाटतं दारू पिऊन आल्यात. आम्ही गाण्याला उभे राहताना येता-जाता सरळ करतो.”

“मागल्या सणाला कापडाला इस्त्रीचा डाग होता,” दीना हळूच म्हणाली. “मी त्यावर फुलं ठेवली.”

आत्या एकेकाच्या आवाजाकडे तोंड फिरवत राहिली. “म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं? सगळ्यांना? मग बोलला का नाहीत मेल्यांनो!”

“बोलायला दार उघडं लागतं, आत्याबाई,” दीना म्हणाली.

पाळकबाबा उंबऱ्यावरच बसले, त्या मोठ्या सणाच्या झग्यासकट. “चूक एकट्या तुमची नाही, सलूबाई. तुम्ही आमच्यापासून लपवत होतात, आम्ही तुमच्यापासून. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून आम्ही गप्प राहिलो, आणि तुम्हांला एकटीला ते ओझं ओढू दिलं. त्याला काही माया म्हणत नाहीत.”

“पण प्रभूच्या मेजावर चिंच…”

“प्रभूलाही क्रुसावर शेवटच्या घटकेला लोकांनी आंबट झालेला द्राक्षारसच दिला होता,” बाबा म्हणाले. “त्यानं देणाऱ्यांचा हात झिडकारला नाही. तो तुमचा झिडकारेल? चला, पुसा डोळे. सण अजून संपलेला नाही. दिवस मावळायच्या आत मेज पुन्हा मांडू, नीट. रस आहे ना तो?”

रस होता. डाव्या बरणीत, थेंबही न सांडलेला.

मग काय विचारता! त्या खोलीत आजवर एक माणूस मावत होतं, त्या दुपारी अर्धं गाव मावलं. कोणी फुलं बदलली, कोणी वाती वळल्या. शिमोनानं काथ्याची दोरी आणून चिंचेच्या बरणीला गळ्यापासून बुडापर्यंत गुंडाळली. म्हणाला, “घे. आता डोळे मिटूनसुद्धा चुकायची नाहीस. खरखरीत ती भांड्यांची, गुळगुळीत ती देवाची.” एवढं सोपं होतं ते, आणि एवढी वर्षं कोणाला सुचलं नव्हतं, कारण कोणी आतच आलं नव्हतं.

आत्याला पाटावर बसवलं. दीनानं कापड समोर पसरलं.

“घडी दाखवा, आत्याबाई.”

“आधी ही कड आत. अशी नव्हे! कण बाहेर जाईल. अगं, चपातीची घडी घालतेस का? अलगद. हां. आता ही.”

दीनाचे हात खाली, आत्याचे थरथरणारे हात वर. आणि त्या थरथरत्या बोटांखाली घडी मिटत असताना आत्याला एकदम आठवलं. आपले हात असेच कोणाच्या तरी हाताखाली होते. परत आलेली, कोवळी, पांढऱ्या कपाळाची पोर होतो आपण. त्या वेळी देवळाची सेवा करणाऱ्या म्हातारीनं काही न विचारता आपल्याला याच पाटाजवळ बसवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी किल्ली हातात देऊन म्हणाली होती, “धर. माझ्या कमरेला रुतते.” आपण कापड फाडलं होतं पहिल्यांदा. तिनं ते रफू केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. कशी विसरले मी, आत्या मनात म्हणाली. मला कोणीतरी आत घेतलं होतं.

तिनं दीनाच्या हातावर थोपटलं. “गोल नाही आल्या पोळ्या तरी चालतील गं. घडी छान येते तुझी.”

उन्हं कलली तेव्हा घंटा पुन्हा वाजली. मेज दीनानं मांडलं. आत्या पडद्याच्या कडेला उभी राहायला निघाली, तशी त्या बोळक्या म्हातारीनं तिचा पदर ओढला. “तिकडे कुठे? बस इथे, माझ्याजवळ.”

आणि आत्या सतरंजीवर मंडळीत बसली. सेवा धरल्यापासून पहिल्यांदा. इतकी वर्षं तिनं मेज मागूनच पाहिलं होतं. कापडाची उलटी बाजू, मेणबत्त्यांची पाठ, आणि कामाची धांदल. समोरून ते कसं दिसतं, हे जिनं ते इतकी वर्षं मांडलं तीच विसरून गेली होती. तिच्या सारा आलेल्या डोळ्यांना नीट काही दिसलं नाही. एक मोठा पांढरा उजेड दिसला आणि त्यात पिवळ्या ज्योती. आजूबाजूनं गाणं उठलं. पडद्यामागे ते नेहमी लांबून यायचं. आज ते तिच्या खांद्यांना लागून येत होतं. आत्यानं मोठा श्वास सोडला. तिच्या कमरेला काही रुतत नव्हतं.

प्याला तिच्यापर्यंत आला. गोड होता.

पुढे आत्या पुष्कळ वर्षं जगली. दर शनिवारी खोलीतल्या पाटावर बसून ती बायांना, बाप्यांना, सगळ्यांना शिकवायची आणि सगळ्यांना बोल लावायची. तिचा हात धरून कोणीतरी तिला डाळिंबापाशी न्यायचं, कारण कापडाचं पहिलं पाणी मुळाशी ओतायचा मान शेवटपर्यंत तिचाच राहिला. तिथे हात थरथरला तरी बिघडत नव्हतं. पाणी जिथे पडेल तिथे झाडाचंच मूळ होतं. ती गेली त्या आठवड्यातही देवळाचं मेज एकदासुद्धा उघडं पडलं नाही. किल्ली दाराबाहेरच्या खुंटीला टांगलेली राहिली, जो येईल त्याच्यासाठी. पुढे तर कुलूपच गंजून गेलं, आणि ते बदलावं असं कोणाला वाटलं नाही.

म्हणून लहानग्यांनो, आणि मागे बसून सुपारी कातरत ऐकणाऱ्या मोठ्यांनो, एवढं गाठीला बांधा: सेवा देवाची असेल, तर तिची किल्ली एकाच्या कमरेला बांधून ठेवू नये.